सोमवार-गुरुवारची जीप

हिवाळा आला की आमच्याकडे लोकांना नव्या तांदळाचा भात आठवतो, मंडईची जत्रा आठवते, जावई आठवतात. मला बॅटरी आठवायची. दिवाळीच्या पणत्यांतलं तेल वाळलं नाही तोच मी जीपचं बोनेट उघडून उभा राहायचो आणि शेजारचे जाता जाता विचारायचे, "काय भाऊ, सासरी निघाले का?" सासर चिचगडकडे होतं, पण तिकडे जायला इतकी तयारी कोणी करत नाही. मी नुसतं हसायचो. उत्तर द्यायलाही जोर लागतो.

जीप मी १९९९ साली जुनी घेतली होती. नवेगाव बांधच्या अलीकडे एका गावात माझी धान भरडायची गिरणी आहे. गिरणीचे पट्टे, सुटे भाग, कधी चार पोती तांदूळ इकडून तिकडे न्यायला म्हणून ती घेतली. डिझेलवरची, मागे ताडपत्रीची, आणि खोकल्याशिवाय न बोलणारी. उन्हाळ्यात बरी चालायची. थंडी पडली की तिची नाटकं सुरू व्हायची, पण तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. नाही सुरू झाली तर नाही. पट्टा उद्या आणू.

मग काही वर्षांनी बायकोच्या किडन्या निकामी झाल्या आणि 'उद्या' हा शब्द घरातून गेला. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, तिचं रक्त मशीनवर घालून धुवावं लागे. पहिले काही महिने नागपूरला जात होतो. मग गोंदियाच्या एका दवाखान्यात मशीन आलं, आणि कोहमाऱ्यावरून गोंदियाला जाणं म्हणजे तर हाकेवर, असं म्हणत आम्ही दोघं चक्क खूश झालो. माणूस नशिबाचं माप किती लवकर लहान करून घेतो, हे मला तेव्हा कळलं.

तिची पाळी सकाळची पहिली होती. वेळेवर नाही पोचलं तर पलंग दुसऱ्याला देत, त्यात त्यांचीही चूक नव्हती, बाहेर बाकावर माणसं बसलेलीच असत. मग दुपारच्या पाळीत कोणी आलं नाही तर आपण. तोवर तिची हालत पाहवत नसे. सोमवार ते गुरुवार निघून जाई, पण गुरुवार ते सोमवार हे अंतर मोठं. रविवारपासून पाय सुजत, तोंड सुजे, आडवं झालं की दम लागे. सोमवारी सकाळी जीप सुरू होते की नाही, यावर माझ्या घराचा श्वास टांगलेला होता. आणि जीप होती ही अशी.

म्हणून तयारी. संध्याकाळी जीप घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून उभी करायची, म्हणजे सकाळी अडली तर दोन माणसांच्या धक्क्यात लागेल. रेडिएटर थोडा गळका होता, त्यातलं पाणी रात्री काढून टाकायचं आणि सकाळी गरम पाणी भरायचं, त्यानं इंजिनाचं अंग मोकळं व्हायचं. बोनेटवर जुनी गोधडी. रेडिएटरच्या पुढे पोत्याचा तुकडा बांधायचा, नाहीतर गार वारा लागून इंजिन तापायलाच तयार नसे. दिव्यांना पिवळा जिलेटीन कागद चिकटवायचा, कारण बांधावरचं, म्हणजे आमच्या तलावावरचं धुकं पांढऱ्या उजेडाला जुमानत नाही. आणि काचेला तंबाखू. आमच्या शेजारच्या बाया बिड्या वळायच्या, त्यांच्या सुपातली चुरी मी फडक्यात बांधून आणायचो. ती पुरचुंडी ओली करून काचेवर घासली की दव थेंबाथेंबानं चिकटत नाही, सरळ ओघळून जातं. ट्रकवाल्यांची विद्या आहे ही. बायको म्हणायची, "घरात कोणाले तंबाखूचा शौक नाही, गाडीले लावला." तंबाखूच्या वासानं तिला मळमळायचं, तरी ती पदर नाकाला लावून बसायची.

त्या दिवसांत गिरणीवर सगळ्यात जास्त काम असे. नवं धान निघालेलं, बैलबंड्या रांगेत उभ्या, आणि मी आठवड्यातले दोन दिवस कुलूप लावून गायब. लोकांनी समजून घेतलं, पण समजून घेणारे लोक सल्लेही देतात. कोणी म्हणे अमुक झाडाची साल उगाळून द्या, कोणी म्हणे रायपूरकडे एक बाबा आहे. एकाने तर गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही म्हणून हे सारं झालं, असं निदान केलं. आम्ही बौद्ध, जीपच्या आरशाखाली बुद्धाचं एक लहान चित्र चिकटवलेलं. मायने त्याला सांगितलं, "भाऊ, लिंबू-मिरची भाजीत टाकतो आम्ही." माझ्याच्यानं असं बोलणं होत नसे. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो आणि मान हलवायचो. दिवसभर भुसा आणि आवाज, आणि डोक्यात सतत एकच, उद्या सुरू होईल ना? झोपेतही मी चावी फिरवायचो.

माय म्हणजे माझी आई. सत्तरीपुढची, वाकलेली, पण सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायची. गॅस होता, पण गाडीच्या पाण्याचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर ठेवणं तिला पटत नसे. एका चुलीवर गाडीचं पाणी, दुसरीवर भात. भात पसावून झाला की त्याची पेज. पेज हे मायचं औषध होतं. आम्हाला ताप आला की पेज, बाळंतिणीला पेज, चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत दमलेल्या बैलांना मीठ घातलेली पेज. सून अंथरुणाला लागली तेव्हा तिने पहिल्या दिवशी वाटीभर पेजच नेली. आणि दवाखान्याने नेमकी तीच बंद केली होती. पाणी मोजून, मीठ तर नाहीच. लघवीच होत नसेल तर प्यायलेलं सगळं अंगात साचतं, छातीत चढतं, हे मी मायला कितीदा सांगितलं. तिला ते ऐकू यायचं, पटायचं नाही. "पाण्यावाचून माणूस कसा जगन?" ती म्हणायची. सून वाटी परत करायची. माय ती वाटी घेऊन उठायची. पण दुसऱ्या दिवशी पेज काढायचीच.

तहान ही काय चीज असते ते मी बायकोकडे पाहून शिकलो. दिवसाचं पाणी ती एका लहान तांब्यात काढून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत पुरवायची. लवंग चघळायची, ओला रुमाल ओठांवर ठेवायची. कोणी तिच्यासमोर घटाघटा पाणी प्यायला की ती दुसरीकडे पाहायची. मी घरात पाणी प्यायचं सोडलं, मागच्या अंगणात जाऊन प्यायचो. तिला ते माहीत होतं. एकदा म्हणाली, "चोरून कायले पिता, मी काही मारत नाही." चिडून नाही म्हणाली, पण मला ते लागलं.

ज्या सोमवारचं सांगतोय, त्या सोमवारी थंडी फार होती. आदल्या गुरुवारी जीप उतारावरूनही लागली नव्हती, बैलजोडी जुंपून ओढावी लागली होती, आणि आमची पहिली पाळी हुकता हुकता राहिली होती. घरी आल्यावर मी जीपच्या चाकाला एक लाथ मारली आणि म्हणालो, "थकली आता ही. काही दम राहिला नाही हिच्यात." चुलीजवळ बसलेल्या मायने ते ऐकलं असणार. मला त्याची आठवणही राहिली नाही.

सोमवारी पहाटे मी रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतलं, थोडं भरायचं उरलं तेव्हा गंज मायजवळ देऊन म्हटलं, एवढं भरून टाक, मी काच पाहतो. काचेला तंबाखू घासली, पिवळा कागद एका दिव्याचा सुटला होता तो लावला. माय म्हणाली, "भरलं." मी झाकण बसवलं, पोतं बांधलं, चावी फिरवली, आणि काय आश्चर्य, जीप पहिल्या झटक्यात लागली. माय दारात उभी राहून पाहत होती. तिच्या तोंडावर असा काही आनंद होता की मला वाटलं, बरं झालं, निदान हिला तरी आज बरं वाटलं.

धुकं इतकं होतं की रस्त्याच्या कडेची झाडं अंगावर आल्यावर दिसत. पुढे कुठे धानाची बंडी जात असेल तर तिला मागे दिवा नसतो, फक्त बैलांच्या घुंगरांचा आवाज. मी काच खाली करून, कान बाहेर काढून चालवत होतो. शेजारी बायको शाल गुंडाळून बसलेली, तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी एका कानाने घुंगरू ऐकत होतो आणि दुसऱ्याने तो श्वास. पुढे पांढरं पांढरं दिसत होतं ते सगळं धुकंच समजत होतो. त्यातलं निम्मं आमच्याच बोनेटमधून निघत होतं, हे कोहमारा जवळ आल्यावर इंजिन धापा टाकू लागलं तेव्हा समजलं.

कशीबशी जीप हायवेच्या चौकातल्या एका ढाब्यासमोर उभी केली. बोनेट उघडलं, पोतं सोडलं, ते हातावर गुंडाळून झाकण फिरवलं, तर उकळी फुटून पांढरा फेस भसाभस वर आला. मी मागे सरकलो. आणि मग वास आला. ऊन ऊन भाताचा. ढाब्याचा मालक कप विसळता विसळता बाहेर आला, नाकाने वास घेतला आणि म्हणाला, "क्या भैया, इंजन में चावल पका रहे हो क्या?" चहा पिणारे ट्रकवाले हसायला लागले. फेसात दोन-तीन शितं होती. भाताची शितं, माझ्या इंजिनावर.

मला सगळं एकदम उमगलं. राग इतका आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. दुष्काळात तेरावा महिना तो हाच. पण रागवायचं कोणावर, माय तिकडे घरी, आणि आपलेच दात आपलेच ओठ. मी बायकोकडे गेलो आणि सांगितलं, "मायनं गाडीला पेज पाजली." तिने आधी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग ती हसायला लागली. किती महिन्यांनी हसली असेल. दम लागत होता तरी हसत होती, एका हाताने छाती धरून. "मीठबी टाकलं असन," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. मी बोट लावून चाखलं. मीठ होतं. मीही हसलो, काय करणार.

मग काम सुरू झालं. खालचा नळ सोडून रेडिएटर रिकामा करायचा, पाणी भरायचं, इंजिन थोडं चालवायचं, पुन्हा रिकामा करायचा. पहिल्यांदा पांढरं येई, मग गढूळ, मग परत पांढरं. ढाब्यावरच्या ड्रममधून मी बादल्या आणत होतो, मालकाने आंघोळीसाठी तापवलेलं पाणीही देऊन टाकलं. थंडीत मला घाम आला होता. शर्ट भिजला, बोटं बधिर झाली. गाडी पाणी पीत होती आणि जमिनीवर ओकत होती, आणि मी परत आणत होतो. डांबरावरून ओघळ वाहत पार बायकोच्या बाजूच्या चाकापर्यंत गेला होता.

बादली घेऊन वळलो तर ती खिडकीतून त्या पाण्याकडे पाहत होती. हसू गेलं होतं. ओठांवर सालं निघालेली, जीभ ओठांवरून फिरली तीही कोरडीच. ती म्हणाली, "गाडीले बादल्यानं पाजून राहिले. मले एक घोट भेटत नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी काही बोललो असतो. मी बादली खाली ठेवली. हातात पाणी असून देता येत नाही, त्यासारखी लाचारी दुसरी नाही. मी तशीच ती उचलली आणि रेडिएटरमध्ये ओतली, कारण उशीर होत होता.

उशीर झालाच. आमचा पलंग दुसऱ्या कोणाला दिला होता. नर्स भली होती, म्हणाली, "बसो भाभी, दोपहर में देखती हूँ." बायको बाकावर टेकून बसली, आडवं होता येत नव्हतं. मी समोर उभा राहून तिच्या छातीचं वरखाली होणं पाहत होतो. इतकी मरणाची भीती मला आधीही वाटली नव्हती आणि नंतरही नाही. दुपारी तिला आत घेतलं. मशीन सुरू झाल्यावर मी बाहेर पायरीवर बसल्या बसल्या झोपलो, कोणीतरी माझ्या अंगावरून ओलांडून गेलं तेही कळलं नाही.

परतताना दिवेलागण झाली होती. गोरेगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "गुरुवारी मी येत नाही."

"काऊन?" मी विचारलं.

"काऊन काय. थकली मी. तुम्हीबी थकले. पाहा बरं तोंड आरशात."

मी आरशात पाहिलं नाही. मला इतकी झोप येत होती की गुरुवारी पहाटे उठायचं नाही, या विचाराने क्षणभर बरं वाटलं. मग त्या विचाराचा अर्थ कळला. मी गाडी चालवत राहिलो.

घरी माय वाट पाहत होती. उशीर का झाला ते मी सांगितलं, म्हणजे ओरडलोच. "माय, ते इंजन आहे, बैल नोहे!"

"थकते त दोन्ही," माय म्हणाली. "तूच म्हणत होता, दम नाही राहिला म्हून." मग तिचा आवाज खाली आला. "तिले देता येत नाही, त तिच्या गाडीले देल्ली. मले का माहीत, बाबू."

बायको आत जाता जाता थांबली, मायच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अंथरुणावर जाऊन पडली. मंगळवारी, बुधवारी ती गुरुवारबद्दल बोलली नाही. मी गिरणीवर भरडत राहिलो. मायला मी काही सांगितलं नव्हतं, पण घर लहान होतं, तिला कळलं असावं.

गुरुवारी पहाटे मी सवयीनं उठलो. चूल पेटलेली होती. मायने गंज माझ्यापुढे ठेवला, कंदील त्याच्यावर धरला आणि म्हणाली, "पाहून घे. पाणीच आहे." मी पाहिलं. तिच्या समाधानासाठी बोट बुडवून चाखूनही पाहिलं. मग ते ओतलं, काच घासली, पोतं बांधलं. हे सगळं हातच करत होते, मी त्यात नव्हतो. बायको आत भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. मी तिला हाक मारली नाही. ज्याला जायचं नाही त्याला ओढत न्यायची ताकद माझ्यात नव्हती, आणि तसा हक्क आहे असंही वाटत नव्हतं.

जीप लागली. मी आत बसून ती नुसती चालू ठेवली. ठरवलं, इंजिन तापेपर्यंत थांबायचं, मग बंद करायची, आत जाऊन झोपायचं, आणि पुढे जे होईल ते पाहायचं. काचेवरून दव ओघळत होतं. माय दारात बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन, आत न बघता. इंजिन तापलं. मी आणखी थोडा थांबलो. मग हात चावीकडे नेला.

तेवढ्यात चपला फरफटल्याचा आवाज आला. ती शाल गुंडाळून आली होती. पाय सुजून तिच्या चपलांत जात नव्हते म्हणून माझ्या मोठ्या चपला घालून, त्या ओढत ओढत. मायच्या बाजूने येताना ती थांबली नाही. जीपचा दांडा धरून दोनदा दम घेत वर चढली, बसली, पदर नाकाला लावला.

"आज येऊन राहिली ते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "न् मायसाठी. माझ्यासाठी नाही. हे ध्यानात ठेवा."

मी हो म्हटलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

त्यानंतर आणखी दोन हिवाळे ती येत राहिली. कोणासाठी येते, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.